रिकाम्या डब्याविषयी: सियालदहच्या विभागीय रेल्वे व्यवस्थापकांस अनावृत पत्र

प्रति,
माननीय विभागीय रेल्वे व्यवस्थापक,
सियालदह विभाग, पूर्व रेल्वे,
कोलकाता.

महोदय,



आपल्या दप्तरात दररोज रुजू होणारे अर्ज बहुधा गाड्यांच्या विलंबाविषयी, फलाटांवरील दाटीविषयी किंवा हरवलेल्या सामानाविषयी असतील. मी ज्या बाबीसाठी आपला वेळ मागत आहे ती त्या मानाने लहान, किंबहुना प्रथमदर्शनी पोरकट वाटेल अशी आहे. रेडिओच्या संदेशाने जमिनीवरून चालविल्या जाणाऱ्या छोट्या विमानांचा छंद आपल्या देशात आता पुष्कळ गावी जोपासला जातो. हा छंद करणारी माणसे पंख, शेपूट आणि यंत्र वेगवेगळे बांधून ते सामान परगावी नेतात. आणि त्यांतील जी विमाने पेट्रोलवर उडतात त्यांच्या सोबत पेट्रोलचा एखादा डबाही, कधी भरलेला तर कधी रिकामा, रेल्वेच्या आवारापर्यंत येऊन पोहोचण्याचा संभव असतो. त्या डब्याविषयी, आणि विशेषतः तो रिकामा झाल्यानंतर त्याच्या ठायी जो धोका उरतो त्याविषयी, मला आपणांस काही निवेदन करावयाचे आहे.

हे निवेदन मराठीत आणि अनावृत स्वरूपात करण्याचे कारण इतकेच की या पत्राचे वाचक एकटे आपण नाही. पुणे, नागपूर, नाशिक, मुंबई येथून येऊन हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासात उतरणारे पाहुणे, पिढ्यान्‌पिढ्या या नगरीत स्थायिक झालेले माझे मराठी बांधव, आणि राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेत प्रतिकृती-विमाने बांधण्याचे पहिले धडे घेतलेली त्यांची मुले, यांपैकी जे कोणी पुढे पेट्रोलच्या यंत्राकडे वळतील त्यांच्याही दृष्टीस हे पत्र पडावे अशी माझी इच्छा आहे. मागणे आपल्याकडे आहे खरे. परंतु त्या मागण्याचा अर्धा भार त्यांनी उचलावयाचा आहे, आणि तो कोणता हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगितलेले बरे.

या छंदाचा आणि पेट्रोलचा संबंध काही कालचा नव्हे. १९३०च्या दशकात अमेरिकेत ब्राउन ज्युनियर नावाचे, सुमारे दहा घनसेंटिमीटर क्षमतेचे आणि ठिणगीने पेटणारे पेट्रोल-इंजिन विक्रीस आले, तेव्हा रबराच्या पिळावर उडणाऱ्या विमानांच्या पंक्तीला यंत्राची विमाने येऊन बसली. आणि १९३७ साली वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या बंधूंनी आपले पेट्रोलवर चालणारे विमान रेडिओच्या साहाय्याने उडवून दाखविले. पुढे १९४७च्या सुमारास ठिणगीऐवजी तापलेल्या तारेने इंधन पेटविणारा ग्लो प्लग निघाला, आणि मिथेनॉल, एरंडेल व नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर चालणाऱ्या यंत्रांनी पेट्रोलला पुष्कळ वर्षे मागे सारले. परंतु लाकूड कापण्याच्या करवतीला आणि गवत कापण्याच्या यंत्राला असतात तशी दोन-स्ट्रोक इंजिने हलकी करून जेव्हा मोठ्या आकाराच्या विमानांवर चढविण्यात येऊ लागली, तेव्हा पेट्रोल पुन्हा परतले. कारण ते ग्लो इंजिनाच्या इंधनापेक्षा कितीतरी स्वस्त आणि रस्त्याच्या कोपऱ्यावरील पंपावर मिळणारे असते. पन्नास घनसेंटिमीटरच्या इंजिनाला साधारण अर्ध्या लिटरची टाकी लागते आणि तेवढ्या इंधनात विमान दहा-पंधरा मिनिटे आकाशात राहू शकते. म्हणजे सबंध सकाळच्या उड्डाणांसाठी तीन-चार लिटर पेट्रोल पुरे होते. ही मात्रा थोडी आहे, आणि थोडी आहे एवढ्याच कारणामुळे माणूस तिच्याविषयी बेफिकीर होतो.

ही बेफिकिरी कोठे चुकते हे समजण्यासाठी पेट्रोलचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. पेट्रोल द्रवरूपाने जळत नाही, त्याची वाफ जळते; आणि ती वाफ उणे चाळीस अंश सेल्सिअसच्या आसपासही पेट घेण्याइतक्या प्रमाणात निघू लागते, त्यामुळे पौषातील कोलकात्याची थंडी काय किंवा वैशाखातील विदर्भाचा उन्हाळा काय, आपल्या देशात पेट्रोल ज्या ज्या ठिकाणी उघडे पडेल त्या त्या ठिकाणी ते पेटण्यास सदैव सिद्ध असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पटींनी जड असल्यामुळे वर उडून नाहीशी होत नाही. ती जमिनीलगत पसरते, पायऱ्यांवरून खाली उतरते, गटारात, तळघरात, बाकाखालच्या कोपऱ्यात साचून राहते, आणि जेथे पेट्रोल सांडले तेथून बऱ्याच अंतरावर असलेल्या विडीच्या किंवा शेगडीच्या विस्तवापर्यंत कोणाच्याही नकळत जाऊन पोहोचते. हवेत तिचे प्रमाण सुमारे १.४ टक्के ते ७.६ टक्के यांच्या दरम्यान असेल तरच ती पेटते. त्याहून कमी असल्यास मिश्रण विरळ पडते, अधिक असल्यास त्याला पुरेसा प्राणवायू मिळत नाही. पेटण्यासाठी लागणारी ठिणगी मात्र इतकी क्षुद्र असते की नायलॉनच्या कपड्यांच्या घर्षणाने अंगावर साठलेला विद्युत्भारही त्या कामी पुरतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. वर सांगितलेल्या दोन टक्केवारींचा जो अर्थ आहे तो सर्वसाधारण मनुष्याच्या समजुतीच्या अगदी उलट आहे. काठोकाठ भरलेल्या आणि घट्ट झाकलेल्या डब्यात द्रवाच्या वर जी थोडी पोकळी असते तीत वाफेचे प्रमाण इतके दाट असते की तेथे ठिणगी पडली तरी आतले मिश्रण सहसा पेटत नाही. असा डबा फुटला किंवा गळला तर अनर्थ होतो, परंतु तो भय वाटावे असाच दिसतो आणि म्हणून माणसे त्याला जपतात. याउलट पेट्रोल ओतून टाकलेला डबा पाहा. पाच लिटरच्या डब्याच्या तळाशी अवघे एक मिलिलिटर पेट्रोल, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा हिस्सा, शिल्लक राहिले आणि त्याची पूर्ण वाफ झाली, तर डब्यातील हवेत वाफेचे प्रमाण साधारण साडेतीन टक्के होते. म्हणजे ते पेटण्याच्या मर्यादेत नेमके येऊन बसते. हा डबा उचलला तर हलका लागतो, उलटा केला तर त्यातून थेंबही पडत नाही, आणि त्याचा धनी शपथेवर सांगू शकतो की यात काही नाही. त्याचे सांगणे खोटे नसते. त्याच्या डोळ्यांना दिसणारे पेट्रोल खरोखरच संपलेले असते. परंतु जो डबा घेऊन तो आपल्या स्थानकाच्या दारातून आत शिरतो तो स्फोटास अनुकूल अशा मिश्रणाने भरलेला असतो, आणि आपल्या द्वारावरील शिपायालाही तो रिकामाच दिसतो.

सियालदहच्या बाबतीत या गोष्टीला विशेष महत्त्व का यावे, हे आपल्यासारख्या जाणत्या अधिकाऱ्यास सांगण्याची वस्तुतः गरज नाही. तथापि माझ्या दुसऱ्या वाचकांसाठी दोन शब्द लिहितो. ईस्टर्न बेंगाल रेल्वेची गाडी येथून १८६२ साली सुटू लागली, वॉल्टर ग्रॅनव्हिल यांच्या आराखड्याप्रमाणे १८६९ साली स्थानकाची इमारत उभी राहिली, फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या निराश्रितांनी याच फलाटांवर आपले संसार मांडले, आणि आजही उपनगरांतील अगणित माणसांचा लोंढा सकाळ-संध्याकाळ या दारांतून आत-बाहेर करीत असतो. डोक्यावर पंचवीस हजार व्होल्टची तार आहे. आणि जुलै २०२२ पासून पायांखाली भुयारी मेट्रोचे स्थानकही चालू आहे. ज्या वाफेची वाट नेहमी खालच्या दिशेने असते, तिच्या दृष्टीने भुयारात उतरणारे जिने आणि सरकत्या पायऱ्या म्हणजे आयताच मार्ग होय, आणि त्या मार्गावर माणसांची दाटी कधी ओसरत नाही.

या परिसराने आगीचे रूप पाहिलेले आहे. स्थानकाजवळच्या सूर्य सेन मार्केटमध्ये २७ फेब्रुवारी २०१३ रोजी पहाटे लागलेल्या आगीत सुमारे वीस माणसे, त्यांतील बहुतेक झोपेत असताना, प्राणास मुकली. रेल्वेगाडीच्या संदर्भात पाहावयाचे तर मदुराई येथे २६ ऑगस्ट २०२३ रोजी यात्रेकरूंच्या एका डब्यात नियम मोडून आणलेल्या गॅसच्या सिलिंडरमुळे नऊ जणांचा अंत झाला. आणि आमच्या महाराष्ट्रात, जळगाव जिल्ह्यात पाचोऱ्याजवळ परधाडे येथे, २२ जानेवारी २०२५ रोजी पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची नुसती आवई उठली, भयभीत उतारूंनी खाली उड्या घेतल्या, आणि शेजारच्या रुळांवरून आलेल्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली बारा-तेरा जण चिरडले गेले. वस्तुतः तेथे आग नव्हतीच. गर्दीच्या डब्यात पेट्रोलचा नुसता वास सुटला तरी केवढे भय उत्पन्न होईल, याचा अंदाज या उदाहरणावरून सहज करता येतो.

कायदा या बाबतीत मुका आहे असे कोणी म्हणणार नाही. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या ६७व्या कलमानुसार धोकादायक माल घेऊन रेल्वेत येणाऱ्याने अधिकृत सेवकास त्याविषयी लेखी इत्तला दिली पाहिजे. माल रेल्वेच्या हवाली करावयाचा असल्यास बोचक्याच्या बाहेरून तशी स्पष्ट खूणही केली पाहिजे. संशय आल्यास बोचके उघडून पाहण्याचा आणि असा माल नाकारण्याचा अधिकार रेल्वेच्या सेवकांस दिलेला आहे. आणि १६४व्या कलमाने बेकायदा असा माल आणणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय झालेल्या नुकसानीची भरपाई, अशी शिक्षा सांगितली आहे. दुसरीकडे १९३४च्या पेट्रोलियम कायद्याच्या ८व्या कलमाने सामान्य नागरिकास, विक्रीचा हेतू नसेल तर, तीस लिटरपर्यंत पेट्रोल परवान्याविना बाळगण्याची मुभा दिली आहे. आणि ती देताना भांडे कोणते असावे हेही बजावले आहे. काच किंवा चिनी मातीचे असल्यास एक लिटरपर्यंत, धातूचे असल्यास पंचवीस लिटरपर्यंत, आणि प्रत्येक भांड्याचे बूच घट्ट बसलेले. पाण्याच्या ज्या पातळ प्लॅस्टिकच्या बाटलीत आज पेट्रोल सर्रास नेले जाते, तिला या कलमात कोठेही स्थान नाही. छंदाविषयी सरकारची दृष्टीही प्रतिकूल नाही. २०२१च्या ड्रोन नियमांत पंचवीस किलोपर्यंतच्या, मनोरंजन किंवा शिक्षण यांसाठी आणि नजरेच्या टप्प्यात उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृती-विमानांस निराळी व्याख्या देऊन त्यांच्यावरील बंधने सौम्य केलेली आहेत.

तेव्हा उणीव मनाईची नाही. उणीव आहे ती मनाईनंतर काय करावे हे सांगण्याची. पेट्रोल आणू नका, हे प्रवाशाला ठाऊक असते; परंतु पेट्रोल काढून टाकलेली टाकी, त्याचा वास येणारी नळी, काल संध्याकाळी ओतून मोकळा केलेला डबा, यांचे काय, हे त्याला कोणी सांगत नाही, आणि तो ज्याला विचारील तो सेवकही बहुधा सांगू शकत नाही. परिणामी ज्या ६७व्या कलमाचा सारा रोख प्रवाशाने स्वतःहून इत्तला द्यावी असा आहे, त्याच कलमाच्या भयाने तो गप्प बसतो, डबा कपड्यांत गुंडाळून पिशवीच्या तळाशी दडवितो, आणि जेथे वारा मुळीच लागत नाही अशा जागी ती वाफ कोंडून ठेवतो.

हे सारे लिहिताना छांदिष्टांचा वाटा मी विसरलेलो नाही, आणि आता काही वेळ आपली परवानगी घेऊन मी त्यांच्याशीच बोलतो.

मित्रहो, पहिली गोष्ट ही की पेट्रोल रेल्वेने न्यावयाचेच नसते. ज्या गावी विमान उडवावयाचे त्या गावी पंप असतो. तेथेच, त्या सकाळी लागेल तेवढेच, धातूच्या डब्यात घ्यावे. दोन-स्ट्रोक इंजिनासाठी त्यात तीस भागांस एक ते पन्नास भागांस एक या प्रमाणात, इंजिनाचा कारखानदार सांगेल तसे, तेल मिसळावे लागते. परंतु तेलामुळे पेट्रोलाचा रंग बदलला म्हणून त्याची ज्वालाग्राहिता कमी झाली असे कोणी समजू नये, कारण दोन-तीन टक्के तेलाने त्याच्या वाफेत लक्षात येईल असा फरक पडत नाही. डबा भरताना तो मोटारीच्या आसनावर किंवा दुचाकीवर ठेवू नये. जमिनीवर टेकवून भरावा, म्हणजे भरताना उत्पन्न होणारा विद्युत्भार जमिनीत निघून जातो. तो काठोकाठही भरू नये. उन्हाने पेट्रोल फुगते, आणि वीस अंश तापमान वाढले की दहा लिटरमागे सुमारे दोनशे मिलिलिटर जागा त्याला अधिक लागते.

मैदानावर इंधन भरताना इंजिन बंद, प्रज्वलनाची विजेरी सुटी, आणि यंत्र हाताला सोसवेल इतके निवलेले असावे. वारा आपल्या पाठीकडून विमानाकडे वाहील अशा बेताने उभे राहावे, आसपास कोणाच्या हाती विडी नसावी, आणि कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक नळकांडे हाताच्या अंतरावर असावे. आग लागलीच तर पाण्याची बादली घेऊन धावू नये. पेट्रोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे ते पाण्यावर तरंगत जाऊन आगीला वाट काढून देते, म्हणून भुकटी, फेस किंवा वाळू हेच उपाय. ग्लो इंजिनासाठी वापरली जाणारी सिलिकॉनची नळी पेट्रोलच्या विमानाला कधीही जोडू नये. पेट्रोलात ती फुगून मऊ पडते आणि अखेर निसटते. टाकीचे बूचही पेट्रोलाला टिकणाऱ्या रबराचेच असावे. यंत्राच्या कंपनाने सैल झालेली एखादी जोडणी विमानाच्या पोटात थेंब-थेंब पेट्रोल गाळत राहिली, तर विजेऱ्या, तारा आणि वाफ ही तिन्ही एकाच बंद कप्प्यात एकत्र येतात. म्हणून प्रत्येक उड्डाण-दिवसाच्या आरंभी नळ्या बोटांनी चाचपून पाहाव्यात आणि विमानाच्या पोटाला हवा खेळती राहील अशी छिद्रे ठेवावीत.

यात अलीकडे एका नव्या बाबीची भर पडली आहे. आपल्या पंपांवरील पेट्रोलात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि त्यातील काही इथेनॉल आमच्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांच्या उसापासून झालेले असते; त्याने शेतकऱ्याचे भले होवो, परंतु ते हवेतील ओलावा शोषून घेते, काही प्रकारच्या जुन्या रबरांना फुगविते, आणि ओलावा फार झाला तर पेट्रोलापासून वेगळे होऊन तळाशी बसते. बंगालच्या पावसाळी हवेत महिनोन्‌महिने ठेवलेले मिश्रण वापरू नये, आणि पूर्वी वर्षभर टिकणाऱ्या नळ्या व कार्बुरेटरातील पडदे आता अधिक वारंवार तपासावेत, एवढाच त्याचा अर्थ. उरलेले पेट्रोल गटारात ओतणे हा तर शुद्ध अपराध होय. कोलकात्याची विटांची जुनी गटारे मोठ्या वस्तीखालून जातात, आणि तेथे उतरलेली वाफ कोणाच्या दाराशी वर येईल याचा नेम नसतो.

आता प्रवासाचे. विमान रेल्वेने पाठवावयाचे असेल, तर शेवटच्या उड्डाणानंतर टाकी उपसून काढावी आणि नळीतील व कार्बुरेटरातील उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवावे. मग टाकी व नळ्या सोडवून, बुचे काढून, घराबाहेर मोकळ्या वाऱ्यात किमान एक अहोरात्र ठेवाव्यात. आणि त्यानंतरही नाकाला वास आला तर ते सामान प्रवासास योग्य झाले नाही असे समजून थांबावे. लिथियमच्या विजेऱ्या निराळ्या बांधाव्यात, त्यांची टोके चिकटपट्टीने झाकावीत. आणि ज्या डब्यातून पेट्रोल नेले-आणले जाते, तो कितीही मोकळा झाला तरी गाडीत आणू नये. तो गावातच राहावा. जो छांदिष्ट एवढे करील त्याला रेल्वेकडे काही मागण्याचा हक्क पोहोचतो.

महोदय, आता ते मागणे.

माझी पहिली विनंती अशी की सियालदहच्या पार्सल कचेरीत आणि प्रवेशद्वाराशी बंगाली, हिंदी व इंग्रजीत एक साधा फलक लावण्याची तजवीज व्हावी: ज्या भांड्यात पूर्वी पेट्रोल होते ते भांडे, आज त्यात काही दिसत नसले तरी, भरलेलेच समजले जाईल. पेट्रोलाच्या मनाईचे फलक पुष्कळ असतात; हा एक फलक असला तर पाच लिटरच्या डब्यातील त्या एका मिलिलिटराचे रहस्य प्रवाशाला आणि सेवकाला एकाच वेळी कळेल.

दुसरी विनंती शिरस्त्याविषयी. मोटारसायकल पार्सलने पाठवावयाची असली तर तिची टाकी रिती करून घेतल्याशिवाय आपले कर्मचारी ती स्वीकारत नाहीत, हा नियम देशभर रूढ आहे आणि लोक तो मुकाट्याने पाळतात. तोच शिरस्ता प्रत्येक लहान पेट्रोल-यंत्राला स्पष्टपणे लागू करावा, मग ते विमानाचे असो, गवत कापण्याचे असो, पिकावर फवारणी करण्याचे असो किंवा लहान जनित्राचे असो. आणि त्यात टाकी रिती करणे एवढेच न ठेवता ती उघडी ठेवून सुकविणे हेही नमूद करावे. स्वीकारलेल्या यंत्राच्या बोचक्यावर तसा शिक्का मारावा, म्हणजे वाटेत कोणी शंका घेतली तर दाखला हाताशी राहील.

तिसरी विनंती बोचके उघडण्याविषयी. कायद्याने सेवकांस संशयित बोचके उघडण्याचा अधिकार दिला आहे, आणि तो असलाच पाहिजे. परंतु पेट्रोलाचा वास आल्यावर ते उघडण्याची जागा सामान तपासणीच्या यंत्राजवळची किंवा मेट्रोच्या जिन्याच्या तोंडाशी असू नये. असे बोचके न उघडता, न हलविता, प्रथम गर्दी बाजूस करावी, मग ते मोकळ्या आवारात नेऊन उघडावे, आणि जवळ वाळू व भुकटीचे नळकांडे असावे, असा लेखी हुकूम द्वारावरील प्रत्येक शिपायाजवळ असावा. ज्या अधिकाराने धोका टळावा त्याच अधिकाराच्या अंमलबजावणीत तो उद्भवू नये, यापलीकडे यात काही मागणे नाही.

चौथी विनंती सर्वांत नाजूक आहे. जो प्रवासी आत शिरण्यापूर्वी स्वतःहून येऊन विचारतो, त्याला गुन्हेगार मानण्यात येऊ नये. त्याचे सामान नाकारावे, त्याला दारातून परत पाठवावे, त्याची गाडी चुकली तरी चालेल. परंतु विचारल्याबद्दल त्याच्यावर खटला होणार नाही, हा विश्वास त्याला मिळाला पाहिजे. ६७व्या कलमाने इत्तला मागितली आहे, आणि इत्तला देणाऱ्यालाच धाक वाटू लागला तर ते कलम कागदावरच राहील.

कोणी म्हणेल की पेट्रोलची विमाने उडविणारे लोक मूठभर, त्यांच्यासाठी एवढा खटाटोप कशाला. या आक्षेपाला माझे उत्तर असे की वर सांगितलेल्या फवारणी-यंत्रांची, गवत कापण्याच्या यंत्रांची आणि जनित्रांची संख्या विमानांच्या कितीतरी पट आहे, आणि त्या प्रत्येकासोबत तोच डबा येतो. छांदिष्टांनी हा प्रश्न उपस्थित केला याचे कारण एवढेच की त्यांना टाकी, नळी आणि वाफ यांच्याशी रोज व्यवहार करावा लागतो आणि म्हणून तो त्यांना लवकर दिसला. दुसरा कोणी असे म्हणेल की लोकांना इतके समजावून सांगितल्यास ते पळवाटा शोधतील. अनुभव याच्या उलट आहे. मोटारसायकलच्या टाकीचा नियम सर्वांना ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे म्हणूनच पार्सल कचेरीत येण्यापूर्वी बहुतेक लोक आपली टाकी स्वतःच रिती करून आणतात. ज्या नियमाचे कारण आणि कृती दोन्ही लोकांना कळतात, तो मोडण्याची बुद्धी फार थोड्यांना होते.

या चार गोष्टींसाठी आपल्याला नवा कायदा नको, नवा पैसाही फारसा नको. एक फलक, एक शिक्का, एक लेखी हुकूम आणि विचारणाऱ्याविषयी थोडी उदारता, एवढ्याने काम भागेल. आणि ही व्यवस्था सियालदहसारख्या दाट स्थानकावर यशस्वी झाली, तर हावडा, नागपूर, मनमाड, पुणे येथील आपल्या सहकाऱ्यांस ती उचलण्यास अडचण पडू नये. आम्हा छांदिष्टांच्या बाजूने मी एवढेच आश्वासन देऊ शकतो की ज्या दिवशी असा फलक लागेल त्या दिवसापासून त्यावरील प्रत्येक अट आम्ही आमच्या मुलांना विमान उडविण्याच्या आधी शिकवू, आणि जो ती पाळणार नाही त्याच्यावर आपण कारवाई केलीत तर त्याच्या बाजूने रदबदली करण्यास आमच्यापैकी कोणी येणार नाही.

आपण या अर्जाचा सहानुभूतीने विचार करून, पार्सल कचेरी व सुरक्षा दल यांच्या अधिकाऱ्यांशी सल्लामसलत करावी आणि जो निर्णय होईल तो जाहीर करावा, ही नम्र विनंती.

कळावे,

आपला नम्र,
कोलकात्यात वास्तव्य करणारा एक मराठी विमान-छांदिष्ट